चिमूटभर मीठ आणि मेंदूची वाट

आज मी कविता वाचणार नाही. विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मिठावर आणि मेंदूवर बोलतो. निर्माते हसले. कवी माणूस, शिक्षण बी.ए., तोही मराठी घेऊन. त्याचा मिठाशी संबंध जेवणापुरता आणि मेंदूशी संबंध त्याहून कमी! पण या विषयानं आमच्या घरात मुक्काम केला आहे, म्हणून बोलतो.

माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आपा म्हणतो, १९९६ साली लातूरला मुलगी झाली. नांदेडहून आम्ही सगळे गेलो. भूकंपाला तीनच वर्षं झाली होती. लोक अजून रात्री दार उघडं ठेवून झोपायचे. अशा दिवसांत घरात बाळ आलं म्हणजे केवढा आनंद! आणि बाळ तरी कसं? रडतच नव्हतं. अम्मी कौतुकानं सांगायची, "कित्ती सबर की बच्ची है, रोतीच नइं." दूध पाजायला तिला हलवून उठवावं लागे. अंगावरची कावीळ आठ दिवसांत जायची ती महिना झाला तरी रेंगाळली. रडलीच तर आवाज घोगरा. बेंबी जरा वर आलेली, पोट साफ होत नसे, जीभ ओठांबाहेर डोकावायची. एकेका गोष्टीला घरातल्या बायांकडं एकेक उत्तर होतं. कावीळ उन्हात धरली की जाते, बेंबी नाणं बांधलं की बसते. आमच्यापैकी कुणीही ही सगळी लक्षणं एका माळेत ओवून पाहिली नाहीत. जिथं बाळंतपण झालं तिथंही कुणी पाहिली नाहीत.

दीड वर्षाची झाली तरी ती आधाराशिवाय बसेना. तेव्हा नांदेडच्या एका बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी बाळाकडं पाहिलं, पोटाला हात लावला, रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर आपाला म्हणाले, "ताई, हिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ जन्मापासून काम करत नाही. औषध आहे. रोज एक लहानशी गोळी, आणि ती महाग नाही. उंची वाढेल, चालेल, बोलेल. पण मेंदूच्या वाढीचे पहिले महिने निघून गेलेत. ते मला परत आणता येणार नाहीत."

आपा काही बोलली नाही. मी मात्र विचारलं, "डॉक्टरसाहेब, बिघाड गळ्यात आणि नुकसान डोक्यात, हे कसं?" त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं एक चित्र काढून दाखवलं. ते मला तेव्हा निम्मंच कळलं. उरलेलं निम्मं समजून घेण्यात माझी पुढची बरीच वर्षं गेली. ते आज तुम्हाला सांगतो.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी म्हणतात. ती जे संप्रेरक तयार करते त्याचं नाव थायरॉक्सिन. अमेरिकेतल्या एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. म्हणजे आयोडीन नसेल तर थायरॉक्सिन नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला सुमारे २५०. सगळ्या आयुष्याचं आयोडीन एकत्र केलं तरी चहाचा एक चमचा भरेल, एवढंच. पण ते रोजच्या रोज मिळावं लागतं, कारण शरीरात त्याचा साठा फार काळ पुरत नाही.

आता हे थायरॉक्सिन गळ्यातून निघालं आणि त्याला मेंदूत जायचं आहे. इथं पहिली अडचण येते. थायरॉक्सिनचं पाण्याशी फारसं जमत नाही. तेलाचा थेंब पाण्यात जसा अंग चोरून राहतो, तसा त्याचा स्वभाव. आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून शरीरानं वाहक ठेवले आहेत. ही प्रथिनं थायरॉक्सिनला स्वतःच्या अंगावर घेऊन रक्तातून फिरतात. असे तीन मुख्य वाहक आहेत. त्यांतल्या एकाचं नाव ट्रान्सथायरेटिन. नाव अवघड वाटतं, पण त्यातच त्याचं काम सांगितलेलं आहे: थायरॉक्सिन आणि रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्व, यांची ने-आण करणारं. पूर्वी त्याला प्रीअल्ब्युमिन म्हणत. कुपोषणाच्या तपासणीत आजही हे जुनं नाव अहवालावर दिसतं, कारण पोटाला नीट मिळालं नाही की यकृत हे प्रथिन कमी बनवतं.

वाहकाची गरज किती, हे लातूरकरांना मी काय सांगणार? एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. लोकांनी तिला जलदूत म्हटलं. पण स्टेशनात गाडी आली म्हणून गल्लीतला हंडा भरत नाही. ते पाणी उतरवायचं, शुद्धीकरणाला न्यायचं, मग टँकरनं वस्तीवस्तीत पोचवायचं. आणि टँकर गल्लीत आला तरी त्याचं सगळं पाणी पहिल्याच घरानं ओढून घेतलं, तर शेवटच्या घराच्या हंड्यात काय पडणार?

शरीरातही हाच प्रश्न आहे, आणि १९८७ साली तो एका सुंदर प्रयोगानं समोर आला. संशोधकांनी उंदराच्या यकृतातून थायरॉक्सिन सोडून पाहिलं. एकदा वाहक प्रथिनांशिवाय आणि एकदा वाहकांसह. वाहक नव्हते तेव्हा वाटेत लागलेल्या पहिल्या पेशींनीच सगळं संप्रेरक शोषून घेतलं, मागच्या कोरड्या राहिल्या. वाहक होते तेव्हा मात्र पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंत सारखी वाटणी झाली. म्हणजे वाहक नुसती ने-आण करत नाही, तो रांगेत शेवटी उभ्या असलेल्याचा वाटा राखून ठेवतो. रक्तातल्या थायरॉक्सिनपैकी हजारातला एक भागही मोकळा फिरत नाही. बाकी सगळं वाहकांच्या हाती असतं आणि ते थोडं थोडं सोडत जातात.

आता मेंदूकडं येऊ. मेंदू हा किल्ला आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर ठिकाणी सैल असतात, मेंदूत त्या घट्ट शिवलेल्या असतात. रक्तातलं वाटेल ते आत जाऊ शकत नाही. यकृतानं बनवलेलं ट्रान्सथायरेटिनही या भिंतीतून सहज आत शिरत नाही.

या किल्ल्याच्या आत चार पोकळ दालनं आहेत. त्यांना निलय म्हणतात. ती दालनं एका स्वच्छ, निवळ पाण्यानं भरलेली असतात. आपल्याकडं मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाठीतलं पाणी काढतात ना, तेच हे पाणी. मेंदूतून ते पाठीच्या कण्यापर्यंत उतरतं. कोणत्याही वेळी ते सुमारे दीडशे मिलिलिटर असतं. पण दिवसभरात सुमारे पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे जुनं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदललं जातं. हे पाणी बनवतात निलयांत लोंबणारे रक्तवाहिन्यांचे झुबके, झालरीसारखे. वैद्यकात त्यांना कोरॉइड प्लेक्सस म्हणतात. आपण झालरच म्हणू.

१९८५ साली कळलं की ही झालर नुसतं पाणी गाळत नाही, ट्रान्सथायरेटिन स्वतः बनवते. बाहेरचा वाहक आत येऊ शकत नाही, म्हणून मेंदूनं आपल्या अंगणातच वाहक बनवण्याचा कारखाना घातला. या कामात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे गेरहार्ड श्रायबर यांचा मोठा वाटा. त्यांच्या गटाला पुढं आणखी एक गोष्ट दिसली. सरड्याच्या जातीतल्या प्राण्यांच्या यकृतात मोठेपणी हे प्रथिन बनत नाही, पण मेंदूतल्या झालरीत बनतं. म्हणजे उत्क्रांतीत हा कारखाना आधी मेंदूत निघाला, यकृतात नंतर. आणि अंगात जळजळ असली, मोठा आजार आला, की यकृत या प्रथिनाचं उत्पादन कमी करतं. झालर करत नाही. दुष्काळात घरातली बाई सगळ्यांच्या ताटातली भाकरी अर्धी करते, पण तान्ह्याच्या वाटीला हात लावत नाही. तसंच हे.

आता माझ्या गोष्टीतली मधली पायरी. निलयांच्या भिंतींना आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. त्यांना अस्तरपेशी म्हणू. त्यांच्या टोकांना बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे डोलत राहतात. त्यानं पाणी हलतं राहतं. या अस्तराच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खुद्द मेंदू. म्हणजे ही पेशी उंबरठ्यावर उभी आहे. पण ती स्वतः ट्रान्सथायरेटिन बनवत नाही. ते बनवतं शेजारच्या झालरीतलं कुटुंब. मग ते अस्तरपेशीच्या आत जातं कसं?

फ्रान्समधल्या संशोधकांनी २००० साली याचा एक पुरावा दिला. अस्तरपेशींपासून होणाऱ्या एका गाठीच्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यासमोर ट्रान्सथायरेटिन ठेवलं. पेशींनी ते आत घेतलं, आणि घेण्याची रीत दाराशी ओळख पटवून घेण्याची होती.

ही रीत समजावून सांगतो. पेशीच्या कवचावर काही प्रथिनं पहारेकऱ्यासारखी उभी असतात. त्यांना ग्राही म्हणतात. एकेका ग्राहीची एकेका पाहुण्याशी ओळख असते. पाहुणा येऊन ग्राहीला चिकटला की त्या जागी कवचाला खळगा पडतो. खळगा खोल होत जातो, त्याचं तोंड मिटतं, आणि पाहुण्यासकट एक पुरचुंडी सुटून पेशीच्या आत जाते. आपली आजी लुगड्याच्या ओच्यात बोरं घ्यायची, ओचा खोवायची आणि घरात जायची. अगदी तसं. आत गेल्यावर पुरचुंडी उलगडते. आणलेलं काय वापरायचं आणि काय मोडून टाकायचं हे पेशी ठरवते.

पण हे ओळखीनंच घडतं, आपोआप झिरपत नाही, हे कसं ठरवतात? युक्ती साधी आहे. प्रथिनावर खूण करायची, म्हणजे ते कुठं गेलं ते दिसतं. मग त्याचं प्रमाण वाढवत न्यायचं. नुसतं झिरपत असेल तर जितकं जास्त ठेवाल तितकं जास्त आत जाईल. ग्राहीतून जात असेल तर एका मर्यादेनंतर आकडा वाढत नाही, कारण दारं मोजकी असतात आणि सगळी भरलेली असतात. दुसरी युक्ती, खूण केलेल्या प्रथिनासोबत बिनखुणेचं तेच प्रथिन भरपूर ओतायचं. दारं तीच असतील तर दोघांत रेटारेटी होते आणि खुणेचं कमी आत जातं. आपल्याकडं रेशनच्या दुकानात हा प्रयोग दर महिन्याला होतो!

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणानं सांगायला हवी. त्या पेशी गाठीतल्या होत्या, बशीत वाढवलेल्या होत्या. जिवंत, धडधाकट मेंदूतली अस्तरपेशी सगळं तसंच करते असं त्यावरून म्हणता येत नाही. पण उंबरठ्यावरच्या पेशीला वाहक ओळखणारं दार असतं, एवढं त्यातून नक्की दिसलं.

तिसऱ्या निलयाच्या तळाशी या अस्तरातच काही वेगळ्या पेशी आहेत. त्यांचं डोकं पाण्यात आणि लांब पाय मेंदूच्या आत, जिथून भूक, झोप, अंगाची ऊब यांचा कारभार चालतो तिथं. त्यांना टॅनिसाइट म्हणतात. थायरॉक्सिनमधल्या चार आयोडीनपैकी एक काढून टाकणारं एक विकर या पेशींत असतं. चाराचे तीन झाले की संप्रेरक कितीतरी पटीनं जोरकस होतं. हे तीन आयोडीनचं रूप १९५२ साली सापडलं. म्हणजे थायरॉक्सिन हे धान्य आहे आणि तीनवालं पीठ. मेंदू स्वतःच्या जात्यावर स्वतःला लागेल तेवढंच दळून घेतो. जन्माआधीच्या आणि जन्मानंतरच्या काळात मेंदूतल्या पेशी आपापल्या जागी सरकत असतात, एकमेकींना धागे जोडत असतात, धाग्यांवर वेष्टण चढत असतं. ही कामं या पिठावर चालतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं महत्त्वाचं प्रथिन नसेल तर मेंदूचं वाटोळंच होईल. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. १९९३ साली ट्रान्सथायरेटिन अजिबात बनवू न शकणारे उंदीर तयार केले गेले. त्यांच्या रक्तातलं थायरॉक्सिन कमी झालं, पण उंदीर वाढले, पळाले, त्यांना पिल्लं झाली! मी हे वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. एवढी झालर, एवढा कारखाना, आणि त्याच्यावाचून अडत नाही? मग हळूहळू लक्षात आलं. अडत नाही, कारण निसर्गानं मेंदूला एकाच वाटेवर अवलंबून ठेवलेलं नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत संप्रेरकासाठी खास दारं आहेत. त्यांतलं एक महत्त्वाचं दार, एमसीटी-८ नावाचं, २००३ साली ओळखलं गेलं. दुसऱ्याच वर्षी असं दिसलं की ज्या मुलग्यांत हे दार जन्मतः बिघडलेलं असतं त्यांच्या मेंदूची वाढ फार वाईट तऱ्हेनं खुंटते, रक्तात संप्रेरक असूनसुद्धा. म्हणजे काही वाटा मुख्य आहेत, काही जोडीच्या. ट्रान्सथायरेटिनचा वाहक मेंदूतल्या पाण्यात संप्रेरक राखून ठेवतो, सारखं वाटतो. तो आडवाटेचा सोबती आहे. त्याच्यावाचून भागतं म्हणून तो फुकट नाही.

पण श्रोतेहो, या सगळ्या दारांना, वाहकांना, पुरचुंड्यांना एक गोष्ट मुळीच जमत नाही. जे नाहीच, ते आणता येत नाही. मिरजेलाच पाणी नसतं तर पन्नास वाघिणींच्या गाडीनं लातूरला काय आणलं असतं? माझ्या भाचीच्या मेंदूत झालर होती, अस्तर होतं, ग्राही होते, जातं होतं. सगळे हात पसरून उभे होते. गळ्यातून काही निघतच नव्हतं. आणि ही उणीव भरून काढणारी गोळी लातूरच्या औषधाच्या दुकानात मिळत होती. त्या गोळीपर्यंत आम्हीच पोचलो नाही.

म्हणून दोन टोकं आपल्या हातात आहेत, त्यांच्याबद्दल बोलतो. मधली सगळी वाट शरीराची आहे. सुरुवात आणि शेवट माणसांचा आहे.

पहिलं टोक मिठाचं. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात काम सुरू केलं. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ, एका भागात साधं. काही वर्षांत आयोडीनच्या भागांत गलगंड ठळकपणे कमी झाले. त्यावरून १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढं दिसलं की आयोडीनची कमतरता डोंगरापुरती नाही, सपाटीवरही आहे, आपल्या महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतही आहे. मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आहे. तरी आपल्याकडं खडेमिठाची सवय जुनी आहे, आणि अलीकडं सैंधव चांगलं म्हणून सगळा स्वयंपाक त्यावरच करणारी घरंही वाढली आहेत. सैंधव खायला हरकत नाही, पण त्यात पुरेसं आयोडीन मिळेल असं धरून चालू नका. पिशवीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं पाहा, मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीजवळ उघडं ठेवू नका. आणि मीठ जास्त खा असं मी म्हणत नाही; जे खाता ते आयोडीनचं खा. गरोदर बाईसाठी तर हे फारच महत्त्वाचं. पोटातल्या बाळाची ग्रंथी जवळपास अर्धे दिवस भरेपर्यंत नीट कामाला लागत नाही. तोवर बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो.

दुसरं टोक टाचेचं. इथं एक गैरसमज दूर करतो. आमच्या भाचीचा दोष मिठाचा नव्हता. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच तयार झालेली नसते, जागेवर नसते किंवा तिला संप्रेरक बनवता येत नाही. आईनं कितीही चांगलं मीठ खाल्लं तरी हे होऊ शकतं. आपा वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत होती, म्हणून हे मुद्दाम सांगतो. यात आईचा काही गुन्हा नसतो. आणि यावर उपाय आहे. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब कागदावर घ्यायचे आणि तपासायचे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९७४ च्या सुमारास सगळ्या बाळांची अशी तपासणी सुरू झाली. आपल्याकडं मुंबईत डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी सुमारे पंचवीस हजार नवजात बाळांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. माझी भाची जन्मली त्याच्या दोन वर्षं आधी. मुंबई ते लातूर रेल्वेनं एका रात्रीचा प्रवास. त्या ज्ञानाला आमच्यापर्यंत यायला दीड वर्ष जास्त लागलं.

पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक बाळं तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत अकराशे-साडेअकराशे बाळांमागं एकाला हा दोष आढळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा दोष आहे, पण ऐच्छिक म्हणून. ऐच्छिक म्हणजे विचारावं लागतं. म्हणून विचारा. घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, बाळाच्या थायरॉइडची तपासणी झाली का? आणि नुसतं रक्त घेतलं यावर थांबू नका, अहवाल मागून घ्या. दोष असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावं. तसं झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात. गोळी चुरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून द्यायची. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधासोबत द्यायची नाही. आणि बाळ बरं दिसतं म्हणून मनानं बंद करायची नाही.

माझी भाची आता तिशीच्या घरात आहे. चालते, बोलते, घरातलं काम करते. शिलाई मशीनवर पिशव्यांना सरळ टीप घालते. हिशेब मात्र जमत नाही. दहाची नोट आणि शंभराची नोट हातात घेऊन ती माझ्याकडं बघते आणि विचारते, "मामू, बड़ी कौनसी?" मी दाखवतो. ती हसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

आपानं एक काम स्वतःकडं घेतलं आहे. गल्लीत, नात्यात, कुणाच्याही घरी बाळंतपण असलं की ती जाते. जात-धर्म बघत नाही. देशमुखांच्या सुनेकडं गेली होती, शेजारच्या गोंधळ्याच्या लेकीकडं गेली होती. लाडू, डिंक, झबलं, जे जमेल ते नेते. बाळाच्या कानशिलावर बोटं मोडते आणि विचारते, "टाचेचं रक्त तपासलं का गं?" बाई नाही म्हणाली तर उठून सासूशी बोलते, नवऱ्याशी बोलते. काही घरांत तिचा राग येतो. शुभ वेळी ही काय अशुभ बोलते, म्हणतात. ती ऐकून घेते.

२०२२ मध्ये मला नात झाली, नांदेडला. आपा लातूरहून बसनं आली. पाळण्याजवळ जाण्याआधी तिनं माझ्या सुनेला तोच प्रश्न विचारला. रक्त तिसऱ्या दिवशी दिलं होतं, अहवाल यायचा होता. तो येईपर्यंत आपा परत गेली नाही. पाचव्या दिवशी कागद आला. सगळं ठीक होतं. आपानं कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ जोरात, घर डोक्यावर घेऊन रडायला लागलं. माझी बायको उचलायला धावली.

आपा म्हणाली, "रोने दे भाबी. जरा सुनने दे मेरेकू."